पहिल्यांदाच गौरी तुझ्याकडे आहेत ना?

अगं, आधी सासूबाईंना फोन कर आणि घरची रीत लिहून घे. कुणाकडे मुखवटे, कुणाकडे खड्यांच्या गौरी. देशावर पुरणपोळी, कोकणात घावन-घाटलं, काही घरांत तिखटाचा नैवेद्य. दुसऱ्यांचं बघून काही ठरवू नकोस. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन-जेवण, मूळावर विसर्जन. वेळा पंचांगात बघून मगच आमंत्रणं कर.

खरा वेळ खातं ते पुरण. आवाहनाच्या संध्याकाळीच करून ठेव. डाळ बोटाने सहज चिरडली पाहिजे. कट, म्हणजे डाळीचं पाणी, निथळून आमटीला ठेव, मग डाळीइतकाच गूळ घालून आटव. मध्ये उलथनं उभं राहिलं की गॅस बंद, आणि गरम असतानाच वाटून घे, गार झालं की हात भरून येतात. सैल राहिलं तर पोळी फुटते.

सोळा भाज्या एकत्र केल्या तरी चालतात, निवडायला मुलांना बसव. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून मीठ मोजून घाल.

आणि सवाष्णींच्या पंगतीत शेजारच्या एकट्या काकूंनाही आग्रहाने बसव. विधवा म्हणून कुणाला वगळणं मला मुळीच पटत नाही. वाढायला दीर-नवऱ्याला सांग; तू पंगतीतच बसून गरम जेव.