संगीतावरच्या इंग्रजी मजकुराचं जर्मन करून देणारा जाणकार भाषांतरकार कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की चेंबर म्युझिकच्या (मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताच्या) सीडीसाठी इंग्रजी नोट्स, म्हणजे बुकलेटात छापायचा माहितीचा मजकूर, तयार आहेत आणि जर्मन करणारा असा माणूस हवाय ज्याला संगीतातलं कळतं. मी जर्मनीत कोलोनला असतो, इथे एका छोट्या कॉन्सर्ट सिरीजची प्रोग्रॅम बुकलेटं बघतो, म्हणजे हे माझं नेहमीचंच काम.

माझं मत, सुरुवात डिरेक्टरीपासून करूच नका. बीडीयू ही इथल्या अनुवादक आणि दुभाष्यांची मोठी संघटना, तिच्या साइटवर भाषा आणि विषय टाकून शोधता येतं, प्रोझ या भाषांतरकारांच्या साइटवरही येतं, पण स्वतःचे विषय लोक स्वतःच भरतात, मग कायदा, मेडिकल, टुरिझम आणि जाता जाता म्युझिकवरपण टिक. त्यापेक्षा छापलेली बुकलेटं उघडा. बीआयएस, चँडोस असली लेबलं, म्हणजे सीडी काढणाऱ्या कंपन्या, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच असा तिन्ही भाषांत मजकूर देतात आणि लेखाखाली भाषांतरकाराचं नाव असतं. बऱ्याच बुकलेटांच्या पीडीएफ नेटवर फुकट मिळतात. तुमच्या सीडीसारख्याच रचना असलेली काही काढा, जर्मन येणाऱ्या एखाद्या वादकाला वाचायला द्या, त्याला जे अडखळल्याशिवाय वाचता आलं त्या नावामागे लागा. डिरेक्टरी आता उघडायची, त्या माणसाचा ईमेल शोधायला.

आणि हो, पुण्यात मॅक्सम्युलरला जर्मनची सी-वन ही वरची लेव्हल झालेली ओळखीची मुलगी आहे, तिच्याकडून करून घेऊ का, असं घरचे सुचवतीलच. तिचं जर्मन छान असेल, पण छापायचा मजकूर ज्याची मातृभाषा जर्मन आहे त्यानेच लिहावा, इथे तसाच रिवाज आहे.

नाव पक्कं करण्याआधी तुमच्याच नोट्समधला एक परिच्छेद सॅम्पल म्हणून द्या, पैसे देऊन. मुद्दाम असा निवडा ज्यात स्वरांची नावं आहेत, कारण इंग्रजीतला बी म्हणजे जर्मनमध्ये 'हा' (H), आणि इंग्रजीतला बी फ्लॅट म्हणजे जर्मनमध्ये नुसता 'बे' (B), इथे गडबडला तर सरळ पुढचं नाव बघा. मोझार्टच्या ४० व्या सिंफनीपुढे इंग्रजीत के. ५५० असा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक असतो, जर्मनमध्ये तो केव्ही ५५० व्हायला हवा. पण एवढं तर नुसता नीट शोधणारा माणूसही जमवेल, खरी परीक्षा वाक्यांची, म्हणजे संगीताचं वर्णन करणारं लांबलचक इंग्रजी वाक्य त्याने मोडून नव्याने लिहिलंय का, की शब्दाला शब्द लावत गेलाय.

गाण्याचे शब्द असतील तर तो वेगळा मामला. नुसता अर्थ छापायचाय की त्याच चालीवर गाता यायला हवंय हे आधीच सांगा, गाता येणारं भाषांतर करणारे फार थोडे आणि महागही. शिवाय कवीला जाऊन ७० वर्षं झाली नसतील तर हक्कदाराची परवानगी लागते.

रेट बहुतेक वेळा ओळीवर सांगतील, एक ओळ म्हणजे स्पेस धरून ५५ अक्षरं, त्यामुळे तो आकडा एका शब्दाचा समजून घाबरू नका. जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा बहुतेक लांबतोच आणि बुकलेटची पानं चाराच्या पटीत वाढतात, तेव्हा डिझायनरला आधीच कल्पना द्या. भाषांतरकाराचं नाव छापा, जर्मन कायद्यात भाषांतरालाही स्वतंत्र कॉपीराइट आहे. आणि लेआउट झाल्यावर पीडीएफ त्यालाच परत दाखवा, डिझायनरला जर्मन येत नसेल तर ओळीच्या शेवटी शब्द भलतीकडेच तुटतात.