‘लाइट क्रूझर’ला ‘हलकी युद्धनौका’ म्हणावे का?

भारतीय नौदलाच्या पहिल्या ‘आयएनएस दिल्ली’विषयीचा मजकूर मराठीत आणताना एका वाचकाला तीन शंका आल्या आहेत. ‘लाइट क्रूझर’ला (दूरवर टेहळणी आणि राखण करणाऱ्या लढाऊ नौकांच्या एका प्रकाराला) ‘हलकी युद्धनौका’ हा प्रतिशब्द चालेल का, जहाजाच्या ‘सर्व्हिस हिस्ट्री’ला ‘सेवा-इतिहास’ म्हणावे का, आणि हेच जहाज पूर्वी ब्रिटिशांकडे असताना त्याचे नाव ‘अकिलीस’ असे, म्हणजे ग्रीक पुराणातल्या वीराचे होते, तर त्या काळातल्या वर्णनातही ‘ती निघाली’ असेच लिहायचे का?

पहिल्या शंकेचे उत्तर माझ्या मते स्पष्ट नकाराचे आहे. मराठीत ‘हलका’ म्हणजे वजनाने कमी, आणि तितक्याच सहजपणे प्रतीने कमी. हलके कापड, हलकी जमीन, हलका माल हे शब्दप्रयोग आपण रोज करतो. त्यामुळे ‘हलकी युद्धनौका’ असे वाचणाऱ्याच्या मनात एक तर तराफ्यासारखी तरंगणारी, नाही तर काटकसरीने बांधलेली नौका उभी राहील. पण हा झाला भाषेचा अडसर. खरी अडचण वस्तुस्थितीची आहे. या संज्ञेतल्या ‘लाइट’चा नौकेच्या वजनाशी थेट संबंधच नाही.

पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी ब्रिटिश नौदलात हा शब्द रुळला, तेव्हा तो चिलखताविषयी होता. १९१२-१३च्या सुमारास बाजूंवर पातळ पोलादी चिलखत असलेल्या क्रूझर नौका बांधल्या जाऊ लागल्या, त्यांना ‘हलक्या चिलखताची क्रूझर’ म्हणत, आणि बोलण्याच्या ओघात मधला ‘चिलखत’ गळून पडला. पुढे १९२२च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरचे वजन दहा हजार टनांपर्यंत आणि तोफेचे तोंड आठ इंचांपर्यंत मर्यादित केले. १९३०च्या लंडन कराराने त्यातही दोन पोटविभाग पाडले: ६.१ इंचांहून मोठ्या तोफांच्या क्रूझर एका बाजूला, ६.१ इंच किंवा त्याहून लहान तोफांच्या दुसऱ्या बाजूला. कराराच्या मसुद्यात या पोटविभागांना नुसती अक्षरे दिलेली आहेत. ‘हेवी’ आणि ‘लाइट’ ही नावे व्यवहाराने चिकटवली. तेव्हापासून लाइट क्रूझर ठरते ती तोफेच्या तोंडावरून, मग नौका कितीही अवजड असो. एक्झेटर ही ब्रिटिश क्रूझर सुमारे ८,४०० टनांची होती, पण तिच्यावर आठ इंची तोफा होत्या म्हणून ती ‘हेवी’. लंडनला टॉवर ब्रिजजवळ थेम्स नदीत संग्रहालय म्हणून उभी असलेली बेलफास्ट दहा हजार टनांच्या घरातली, पण तिच्या बाराही तोफा सहा इंची म्हणून ती ‘लाइट’. आता या दोघींचे भाषांतर ‘जड’ आणि ‘हलकी’ असे केले, तर जडपेक्षा हलकी अधिक वजनदार असल्याचे वाक्य लिहिण्याची पाळी येते.

हलका असतो तो गोळा. सहा इंची तोफेचा ब्रिटिश गोळा सुमारे ५१ किलोचा, म्हणजे तांदळाच्या मोठ्या पोत्याएवढा होता. एक धडधाकट माणूस तो हातांनी उचलून तोफेत सरकवू शकत असे, आणि जवळजवळ तेवढीच माणसाच्या ताकदीची मर्यादा होती. आठ इंची गोळा सुमारे ११६ किलोचा; तिथे यंत्रावाचून काम भागत नसे. म्हणून सहा इंची तोफा झपाट्याने मारा करीत आणि आठ इंची तोफा सावकाश, पण दूरवर आणि जबर मारा करीत. करारातली ही सीमारेषा केवळ कागदी नव्हती, हे यावरून दिसेल.

तेव्हा मराठीत काय लिहावे? माझे मत असे, की ‘लाइट क्रूझर’ हे जसेच्या तसे ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात ‘सहा इंची तोफांची क्रूझर’ एवढा खुलासा वाक्यातच गुंफावा. ‘क्रूझर’ मराठीत आता परका राहिलेला नाही. नौदलाच्या परिभाषेत मराठीने चांगले शब्द घडवले आहेत: पाणबुडी, पाणसुरुंग, पाणतीर, विनाशिका, विमानवाहू नौका. हे शब्द टिकले, कारण प्रत्येकात त्या वस्तूचे काम दिसते. क्रूझरचे काम मात्र एका क्रियापदात मावत नाही. व्यापारी मार्गांची राखण करणे, शत्रूची जहाजे हुडकणे, ताफ्याच्या पुढे टेहळणी करणे, किनाऱ्यावर मारा करणे, दूरच्या बंदरात राष्ट्राचा झेंडा दाखवणे हे सगळे तिच्याकडे होते. ‘गस्तीनौका’ म्हणावे, तर तो शब्द तटरक्षक दलाच्या छोट्या नौकांनी आधीच घेतला आहे. ‘युद्धनौका’ हा तर कोणत्याही लढाऊ जहाजाचा सर्वसामान्य शब्द आहे, त्याला एका वर्गापुरते कोंडणे बरे नव्हे. (कोकणात जुन्या पिढीच्या तोंडी ‘मनवार’ होता, तोही असाच सर्वसमावेशक, इंग्रजीतल्या ‘मॅन-ऑफ-वॉर’ला आपल्या लोकांनी इतके बेमालूम मराठी वळण दिले, की ‘मनवारीवर नोकरीला आहे’ म्हणताना मूळ शब्दाची कोणाला आठवणही होत नसे.)

आता ‘सर्व्हिस हिस्ट्री’. ‘सेवा-इतिहास’ वाचला, की सरकारी कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक डोळ्यांपुढे येते. जहाजाची ‘कारकीर्द’ म्हणावे, किंवा लढायांवर भर असेल तर ‘कामगिरी’. मात्र शीर्षक सुधारून भागत नाही. अशा मजकुराचे मराठीपण ठरते ते क्रियापदांवर. दिल्लीचीच हकीकत घेतली तर हे चांगले कळेल.

ही नौका इंग्लंडमध्ये बर्कनहेड येथील कॅमेल लेअर्ड कंपनीच्या गोदीत बांधली गेली. १९३१च्या जून महिन्यात बांधणीला सुरुवात झाली, १ सप्टेंबर १९३२ रोजी तिचे जलावतरण झाले, आणि १९३३च्या ऑक्टोबरात ती ताफ्यात दाखल झाली. ‘जलावतरण’ आणि ‘ताफ्यात दाखल होणे’ या दोन घटनांमध्ये इथे वर्षाहून अधिक काळ गेला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जलावतरणात नुसता सांगाडा पाण्यात उतरतो. यंत्रे, तोफा आणि माणसे चढून, चाचण्या होऊन नौदलाचा झेंडा वर जातो, तेव्हा ती दाखल होते. आपल्या वर्तमानपत्रांत या दुसऱ्या समारंभालाही सर्रास ‘जलावतरण’ म्हणतात, ते चूक आहे.

लिअँडर वर्गातली ही नौका सुमारे ७,२७० टनांची, १६९ मीटर लांब होती, आणि दोन-दोन तोफांच्या चार फिरत्या मनोऱ्यांत मिळून तिच्यावर सहा इंची आठ तोफा होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ब्रिटनने ती न्यूझीलंडला दिली. मूळ इंग्रजी मजकुरात येथे ‘लोन’ असेल. त्याचे ‘कर्जाऊ दिली’ असे करू नये, कारण कर्ज पैशांचे आणि व्याजासह असते. मराठीत वस्तू ‘उसनी’ देतात, आणि उसनी वस्तू परत करायची असते. तशी ती १९४६ मध्ये परतही आली.

१३ डिसेंबर १९३९ रोजी सकाळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, प्लेट नदीच्या मुखाबाहेर, कमोडोर हेन्री हारवूड यांच्या हाताखालच्या एजॅक्स, अकिलीस आणि एक्झेटर या तिघींची गाठ अकरा इंची तोफांच्या ‘ग्राफ स्पे’ या जर्मन नौकेशी पडली. ग्राफ स्पेने आपला मुख्य मारा एक्झेटरवर धरला, आणि तिच्यावरची ६१ माणसे मारली गेली. दोन्ही लाइट क्रूझर दुसऱ्या बाजूने भिडल्या. अकिलीसच्या जवळ फुटलेल्या गोळ्याच्या चिपा तोफांच्या नेमाचे नियंत्रण करणाऱ्या मनोऱ्यात घुसल्या, चार जण ठार झाले, खाली ‘ब्रिज’वर, म्हणजे नौका हाकण्याच्या उंच कक्षात, उभे असलेले कॅप्टन एडवर्ड पॅरी पायांना जखमी झाले, आणि तोफखान्याचे प्रमुख लेफ्टनंट वॉशबर्न डोक्याला जखम होऊनही मारा चालवीत राहिले. नौकेवरचे निम्म्याहून अधिक नाविक न्यूझीलंडचे होते, त्यामुळे त्या देशात या लढाईचे मोल वेगळेच आहे.

ग्राफ स्पेने उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात आश्रय घेतला, आणि १७ डिसेंबरला कॅप्टन हान्स लांग्सडॉर्फ यांनी ती बंदराबाहेर नेऊन स्फोटकांनी स्वतःच बुडवली. या कृतीला इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत ‘स्वतःच बुडवली’ एवढे पुरते. ‘जलसमाधी’ हा आपल्या बातम्यांचा लाडका शब्द इथे तर मुळीच जुळत नाही, कारण पाणी इतके उथळ होते, की नौकेचा वरचा भाग पुढे बराच काळ पाण्याबाहेर दिसत राहिला. ब्रिटिश पत्रकारांनी या जातीच्या नौकांना ‘पॉकेट बॅटलशिप’ म्हटले होते. त्याचे ‘खिशातली युद्धनौका’ करणारे भेटले आहेत; ‘छोटी बॅटलशिप’ म्हणून मोकळे व्हावे.

१९४१ मध्ये न्यूझीलंडचे स्वतंत्र राजेशाही नौदल उभे राहिले आणि अकिलीस त्याच्या नावावर चढली. जानेवारी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विमानाचा बाँब तिच्या मागच्या भागातील एका मनोऱ्यावर पडला आणि १३ जण मृत्युमुखी पडले. इंग्लंडमध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा तो मनोरा काढूनच टाकला आणि त्या जागी विमानवेधी तोफा बसवल्या. म्हणून भारताकडे आली ती आठ नव्हे, सहा मुख्य तोफांची नौका. दोन्ही आकडे मजकुरात येत असतील, तर ही चूक समजून त्यांतला एक खोडू नये. दोन्ही बरोबर आहेत.

५ जुलै १९४८ रोजी ती ‘दिल्ली’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईला आली. तिचे कॅप्टन अजून ब्रिटिशच होते, पण त्यांच्या हाताखालचे मुख्य अधिकारी होते रामदास कटारी, जे पुढे १९५८ मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. आणखी एक योग असा, की प्लेट नदीच्या लढाईत या नौकेवर जखमी झालेले पॅरी हेच १९४८ ते १९५१ या काळात भारतीय नौदलाचे प्रमुख होते. १९५० मध्ये पंडित नेहरू इंडोनेशियाला गेले ते याच नौकेतून. १९५६ साली प्लेट नदीच्या लढाईवरचा ब्रिटिश चित्रपट आला, त्यात दिल्लीने अकिलीसची, म्हणजे स्वतःचीच, भूमिका केली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त करण्याच्या मोहिमेत दिल्लीने दीवच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या. त्याच वेळी ‘म्हैसूर’ ही आपली दुसरी लाइट क्रूझर, म्हणजे ब्रिटिशांची जुनी ‘नायजेरिया’, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरील कारवाईत होती.

मजकुरात या काळासाठी ‘सॉ अ‍ॅक्शन’ असा प्रयोग असेल, तर ‘लढाईत उतरली’ किंवा ‘मोहिमेत भाग घेतला’ म्हणावे. ‘कृती पाहिली’ असे छापलेले मी वाचले आहे.

पुढे ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली आणि ३० जून १९७८ रोजी निवृत्त झाली. इथे मराठीने माणसासाठीचे क्रियापद जहाजाला सहज दिले आहे आणि ते शोभते, ‘सेवामुक्त’ही चालेल. त्यानंतरच्या अवस्थेला ‘मोडीत काढली’ म्हणावे. तिचा एक तोफमनोरा भारताने न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर आहे.

राहिली लिंगाची शंका. इंग्रजीतही जहाजाला स्त्रीलिंगी सर्वनाम लावायची जुनी प्रथा आहे, पण मराठीतल्या ‘ती’चे कारण तिच्यात शोधू नये. आपण मनात ‘नौका’ धरतो, म्हणून ‘विक्रांत निवृत्त झाली’ म्हणतो, जरी ‘विक्रांत’ हे नाव आपण मुलाचे ठेवतो. त्याच न्यायाने ‘अकिलीस निघाली’. मनात ‘जहाज’ धरले तर ‘ते निघाले’ हेही शुद्ध आहे, मात्र एकाच परिच्छेदात ‘ती’ आणि ‘ते’ यांची सरमिसळ नको. ‘म्हैसूर’च्या बाबतीत तर ‘ती’च सोयीची, कारण ‘म्हैसूर निघाले’ म्हटले की शहरच चालू लागल्याचा भास होतो. अनेकवचनासाठी ‘क्रूझर्स’ऐवजी ‘क्रूझर नौका’ लिहावे.

आणि ‘आयएनएस दिल्ली हे जहाज’ असे वारंवार लिहू नये. त्या आद्याक्षरांतल्या शेवटच्या ‘एस’मध्ये जहाज आलेलेच आहे. शिवाय ती आद्याक्षरे काळाप्रमाणे बदलत गेली आहेत: ब्रिटिशांकडे एचएमएस, न्यूझीलंडच्या नौदलात एचएमएनझेडएस, १९४८ मध्ये एचएमआयएस, आणि प्रजासत्ताक झाल्यावर आयएनएस. ज्या वर्षाची घटना असेल त्या वर्षाचे नाव वापरावे. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९९७ मध्ये ताफ्यात आलेली आयएनएस दिल्ली वेगळी आहे. ती लांबीला जुन्या दिल्लीच्या जवळपास असूनही विनाशिका म्हणवते, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘१९४८ची दिल्ली’ असे लिहिलेले बरे.