डस्ट माइट निघाले म्हणून घर रिकामं करायचं का?

प्रश्न: माझ्या चार वर्षांच्या मुलाला एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खूप खाज सुटण्याचा आजार) आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत जास्त, रात्री झोपेत इतकं खाजवतो की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. ब्लड टेस्टमध्ये डस्ट माइटची, म्हणजे घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांची अ‍ॅलर्जी निघाली. आता जो तो सांगतोय की पडदे, कार्पेट, सॉफ्ट टॉय सगळं काढून टाका. खरंच तेवढं करू का?

उत्तर: ताई, एवढी घाई नको. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीर त्या माइटवर रिअ‍ॅक्ट होऊ शकतं एवढंच कळतं, एक्झिमा त्यामुळेच उसळतोय असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि एक्झिमा असलेल्या बऱ्याच मुलांची ही टेस्ट पॉझिटिव्हच येते.

माइटचा त्रास खोटा आहे असं नाही म्हणत मी. डोळ्यांना न दिसणारे हे किडे गादी-उशीत राहतात, आपल्याच गळलेल्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि दमट हवेत भरपूर वाढतात. त्यांच्या विष्ठेत प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स असतात आणि मुलाची आधीच भेगाळलेली, कोरडी कातडी त्यांना सहज आत घेते. म्हणून चादरी, उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशाच्या पाण्यात धुवा (गार पाण्यात धूळ निघते पण माइट मरत नाहीत), झोपताना जवळ घेतो ते एखादं खेळणंही त्यातच टाका, खोलीत हवा खेळू द्या, ओल आलेली भिंत असेल तर ती दुरुस्त करून घ्या. गादी-उशीच्या माइट-प्रूफ कव्हरवर (माइट आरपार जाऊ न देणाऱ्या) मात्र फार भिस्त ठेवू नका, नुसत्या कव्हरने एक्झिमात ठळक फरक पडतो असं अभ्यासांत नीट दिसलेलं नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते, की या सगळ्या साफसफाईत मॉइश्चरायझर मागे पडेल. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर, कारण साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9-10 असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास. अंग टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं जाडसर मलम भरपूर लावायचं. या वयाच्या मुलाला आठवड्याला 250 ग्रॅमसुद्धा लागू शकतं, त्यामुळे बोटभर लावून भागत नाही. लाल झालेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम घाबरून अर्धवट सोडू नका. कपड्यांचा सुगंधी सॉफ्टनर, सेंटवाले वाइप्स, अंगाला टोचणारी लोकर हेही बघा, अ‍ॅलर्जी नसतानाही यांनी खाज वाढते आणि हे बंद करायला काहीच खर्च नाही.

दूध, अंडी मनाने बंद करू नका हं, वाढीच्या वयात ते महागात पडतं, शंका असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. आणि जखमेतून पिवळा स्राव आला, ताप आला किंवा एकसारख्या दुखऱ्या फोडांचा पुंजका उठला तर त्याच दिवशी दाखवा, हर्पिसच्या व्हायरसचं इन्फेक्शन असेल तर वाट बघण्यात धोका असतो.