रिकॉलचं पत्र आलं म्हणून दाव्याची मुदत वाढत नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका वाचकाच्या लांबलचक पत्राचा सारांश असा. १२ ऑक्टोबर २०२४ला, दसऱ्याच्या दिवशी, देवळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवरूनच बटण दाबून मिनीव्हॅनचं मागचं सरकतं दार बंद केलं. सांगलीहून आलेल्या त्यांच्या आई तेव्हा चौकटीला धरून उतरत होत्या. दार मनगटावर आलं आणि मागे फिरलंच नाही. मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. आई आता सांगलीला परतल्या आहेत, पण उजव्या हाताने पोळी लाटणंसुद्धा त्यांना जमत नाही. डीलरने दार तपासून ‘दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाशी तेव्हापासून ईमेल चालू आहेत. या वर्षी मार्चमध्ये त्याच दाराबद्दल रिकॉलचं, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावल्याचं, पत्र आलं. वाचक विचारतात, कंपनीने आता दोष मान्यच केला आहे, तर भरपाईसाठी तिच्या उत्तराची वाट पाहावी का? आणि ट्रेड-इनला, म्हणजे जुनी गाडी देऊन नवी घेताना, चांगला भाव मिळतोय, तर गाडी देऊन टाकावी का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि पहिलं ‘नाही’ जास्त तातडीचं आहे.

न्यू जर्सीत शारीरिक इजेचा दावा दोन वर्षांच्या आत कोर्टात दाखल करावा लागतो. कलम २ए:१४-२. दाखल करायचा म्हणजे राज्याच्या सुपीरियर कोर्टात तक्रार नोंदवायची. ग्राहक विभागाने तुम्हाला दिलेला केस नंबर म्हणजे दावा नव्हे. एनएचटीएसएच्या, म्हणजे केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेच्या, संकेतस्थळावर केलेली तक्रारही दावा नव्हे. ती तक्रार उपयोगी असते, अशाच तक्रारी साठून चौकशी सुरू होते, म्हणून ती जरूर करा. पण तुमच्या आईंच्या मुदतीतला एक दिवसही तिने थांबत नाही. रिकॉलनेही थांबत नाही. ‘आपलं प्रकरण विचाराधीन आहे’ असं लिहिणारा माणूस कंपनीच्या वतीने मुदत वाढवून देत नसतो. मुदत थांबवायचा करार करता येतो, पण तो लेखी हवा आणि त्यावर कंपनीच्या वकिलाची सही हवी. तो मागून बघा. दोन आठवड्यांत मिळाला नाही तर सरळ दावा दाखल करा. दोन वर्षं पूर्ण होतात १२ ऑक्टोबर २०२६ला. त्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी आहे. कोर्टाच्या नियमाने दुसऱ्या दिवसापर्यंत सवलत मिळते, पण अशा सवलतीवर कुणी आपल्या आईचा दावा टांगून ठेवू नये. शुक्रवार, ९ ऑक्टोबर हाच शेवटचा दिवस धरा.

अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात, आणि जवळजवळ प्रत्येकात वर्ष-दीड वर्ष ईमेलमध्ये गेलेलं असतं. शिकलेली, नोकरीत एकही डेडलाइन न चुकवणारी माणसं इथे मात्र ‘कंपनी मोठी आहे, बघेल काहीतरी’ म्हणून बसून राहतात. याचा मला खरोखर राग येतो, कारण हात आईचा गेलेला असतो.

‘दोष आहे हे आम्हाला रिकॉल आल्यावरच कळलं’ असं तुम्ही लिहिलंय. इजा आणि तिला जबाबदार कोण हे वाजवी काळजी घेऊनही आधी कळलं नसेल, तर मुदत उशिरा सुरू झाल्याचं मानता येतं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने लोपेझ विरुद्ध स्वायर या खटल्यात १९७३ साली तशी पद्धत घालून दिली. पण ते न्यायाधीशाला सुनावणीत पटवावं लागतं. तुम्ही अपघातानंतर चौथ्या दिवशी डीलरला काय लिहिलंत? ‘तुमच्या दारात दोष आहे, त्यामुळे आईचा हात मोडला.’ तो ईमेल कंपनीकडेही आहे. लोपेझचा आधार तुमच्यासाठी जवळजवळ संपलेला आहे.

आता गाडी. ती विकू नका, आणि रिकॉलची दुरुस्तीही लगेच करू नका. अशा दारांवरचा इलाज बऱ्याचदा सॉफ्टवेअर बदलणं हाच असतो. २०२३ साली कियाने अमेरिकेत ५१ हजारांहून अधिक कार्निव्हल गाड्या सरकत्या दारांसाठी परत बोलावल्या, तेव्हा दार बंद होण्याआधी इशाऱ्याचा आवाज आणि बंद होण्याचा बदललेला वेग असाच उपाय होता. तुमच्या गाडीत नवं सॉफ्टवेअर भरलं की अपघाताच्या दिवशी दार कसं वागत होतं, हे दाखवायला काही उरणार नाही. त्यामुळे आधी तज्ज्ञाकडून तपासणी, दार किती जोराने दाबतं याची मोजणी आणि संगणकातल्या नोंदींची प्रत, आणि मग रिकॉल. तोवर डॅशबोर्डवरच्या स्विचने दाराची मोटर बंद ठेवा आणि दार हातानेच सरकवा. घरात लहान मुलं आहेत, म्हणून ही तपासणी याच महिन्यात करून घ्या.

मोजणीवर माझा एवढा भर का, तर केंद्राच्या ११८ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात आपोआप बंद होणाऱ्या खिडक्या आणि छताच्या झडपा १०० न्यूटन जोर लागायच्या आत उलट फिरल्या पाहिजेत, असं आहे. सरकती दारं त्या मानकात येत नाहीत. २०६ क्रमांकाचं मानक दाराच्या कुलपांचं आणि बिजागऱ्यांचं. धावत्या गाडीचं दार उघडू नये ही त्याची काळजी. टोयोटाने २०१६मध्ये सिएना गाड्या परत बोलावल्या, तो धोका त्या जातीचा होता. म्हणजे ‘कायद्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. न्यू जर्सीच्या उत्पादन-दायित्व कायद्याखाली याहून सुरक्षित आणि शक्य कोटीतली रचना होती, हे तज्ज्ञामार्फत, त्या मोजणीच्या आधाराने, मांडावं लागेल. रिकॉलचं पत्र त्याला पूरक आहे. ते पुरावा म्हणून कितपत घेतलं जाईल, याबद्दल मी आत्ता ठाम बोलणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की अपघाताच्या आधीच्याच सप्टेंबरात तुमच्या लहान मुलाचा दंड दोनदा दारात सापडला होता आणि तुम्ही ते कुणालाच कळवलं नाही. ते एका फोनवर सांगायला हवं होतं. आता त्याचे परिणाम दोन. कंपनी म्हणेल, धोका ठाऊक असून बटण तुम्ही दाबलंत, तेव्हा नुकसानीचा वाटा तुम्हीही उचला. आणि ती तुम्हाला खटल्यात ओढू शकते. आईंना धोका माहीतच नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर हा ठपका टिकणं अवघड दिसतं. पण याच कारणाने आईंचा आणि तुमचा वकील एकच असू नये. आईच्या दाव्यात मुलगा समोरच्या बाजूला, हे आपल्या घरात ऐकवत नाही, हे मी जाणते. प्रत्यक्षात तिथे तुमची वाहन विमा कंपनी उभी राहते आणि पैसे तिचे जातात, म्हणून तिला आजच लेखी कळवा.

त्याच पत्रात वैयक्तिक इजा संरक्षणाची, म्हणजे पीआयपीची मागणी करा. ‘व्हिजिटर इन्शुरन्स संपला, उरलेली बिलं मी भरली’ असं तुम्ही म्हणता. परवानगीने तुमच्या गाडीत बसणाऱ्या किंवा उतरणाऱ्या माणसाचा औषधोपचार न्यू जर्सीत चूक कुणाची हे न बघता पीआयपीत बसू शकतो, पाहुणा भारतातून आलेला असला तरी. इतक्या उशिरा कळवल्याबद्दल विमा कंपनी वाद घालेल. कदाचित जिंकेलही. तरी मागा.

कंपनीने ‘सदिच्छा’ म्हणून देऊ केलेल्या दीड हजार डॉलरच्या चेकसोबतच्या कागदावर आईंची सही घेऊ नका. त्यावर ‘सर्व दाव्यांतून मुक्तता’ असं लिहिलेलं आहे.

सांगलीच्या डॉक्टरांचे कागद, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि एक्स-रे मागवून घ्या. आईंची साक्ष व्हिडिओवरून होऊ शकेल, पण इथले खटले वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांचं वय बहात्तर आहे. साक्ष लवकर नोंदवून घ्यावी असा अर्ज करायला त्यांच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. ती भेट या आठवड्यात ठरवा.