आरसी रॉक क्रॉलर तीव्र चढावर मागे उलटतो. मोटर बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा : १/१० स्केलचा क्रॉलर (खडकांवर सावकाश चढणारी रिमोटची गाडी), ५५टी ब्रश्ड मोटर (टी म्हणजे तारेचे वेढे, वेढे कमी तितकी मोटर वेगवान), साधारण ४५ अंशांच्या खडकावर अर्ध्यात जाऊन मागे उलटतो. ३५टी टाकू की थेट ब्रशलेसवर (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरवर) जाऊ?

दोन्ही नको. उलटण्याइतपत चढतेय म्हणजे गाडीत ताकद आहे. ताकद कमी पडली असती तर चाकं अडून मोटर नुसती गुणगुणत राहिली असती. ‘चढत नाही ना, मग मोठी मोटर टाक’ हा सल्ला देणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. मोठ्या मोटरने गाडी त्याच दगडावर उलटते, फक्त जरा लवकर.

आधी रोग कुठला ते बघा. चाकं फिरतायत आणि गाडी खाली घसरतेय, तर टायर आणि त्यांच्या आतला फोम. चाकं थांबली आणि मोटरला हात लाववत नाही, तर गिअरिंग (गिअरचं गुणोत्तर). स्टिअरिंग पूर्ण वळवताच सगळंच क्षणभर मरतं, तर बीईसी (स्टिअरिंग वळवणारा सर्व्हो आणि रिसीव्हर यांना वीज देणारं सर्किट). थ्रॉटल देताच पुढचं एकच चाक हवेत जातं, तर टॉर्क ट्विस्ट (मोटरच्या जोराने चॅसी एका बाजूला पिळली जाणं). आणि दोन्ही पुढची चाकं सावकाश उचलली जाऊन नाक आकाशाकडे गेलं, तर वजन. तुमचं हे शेवटचं आहे.

हिशोब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. मागच्या ॲक्सलपासून गुरुत्वमध्य किती पुढे, भागिले तो जमिनीपासून किती उंच. या भागाकाराचा टॅन-व्यस्त म्हणजे गाडी उलटण्याचा कोन. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३१२ मिमी, वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं आणि गुरुत्वमध्य १०० मिमी उंचीवर असेल तर १५६ भागिले १००, म्हणजे ५७ अंश. मग ४५ वरच का उलटते? कारण चढ सपाट फळीसारखा नसतो. पुढची चाकं ५ सेंटीमीटरच्या पायरीवर चढली की गाडीचा कोन ९ अंशांनी वाढतो. मागचे शॉक १५ मिमी दबले आणि पुढचे १५ मिमी उघडले की आणखी पाच-साडेपाच अंश. ४५ चे झाले साठाच्या आसपास, आणि मर्यादा होती ५७. यात मोटर कुठे आली?

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. बॅटरी आणि बॉडी लावलेली असू दे. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची चाकं काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर. आकडा लिहा, मग उलटं करून मागचा आकडा लिहा. पुढे ५५ टक्क्यांच्या खाली असेल तर बाकी काही करण्याआधी ते सुधारा. माझं लक्ष्य ६० टक्के.

दुसरी चाचणी फळीची. गाडी फळीवर ठेवा, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) चालू ठेवून ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच लागणारा ब्रेक) लागू द्या, मागच्या टायरमागे बोटाच्या पेराएवढी जाड पट्टी ठोका म्हणजे घसरणार नाही. फळी हळूहळू उचला. पुढची चाकं फळी सोडतात तो कोन मोबाइलच्या लेव्हलवर वाचा आणि लिहून ठेवा. प्रत्येक बदलानंतर हाच आकडा. ‘आता बरी वाटतेय’ हे मोजमाप नव्हे.

वजन कुठे टाकायचं यावरून लोक हट्टाला पेटतात, म्हणून आकडेच देतो. गाडी २६०० ग्रॅमची धरा, मर्यादा वरचीच ५७ अंश. छतावर रॅक, जेरीकॅन, स्पेअर टायर असं २०० ग्रॅमचं सामान २२० मिमी उंचीवर लादलं की मर्यादा ५५ वर येते. तेच २०० ग्रॅम पुढच्या चाकांच्या आत पितळी रिंगांच्या रूपात गेलं की ती ६० वर जाते. वजन तेच, फरक पाच अंशांचा. सजवलेली गाडी फोटोत छान दिसते हे मान्य. पण ती लादूनच चढायचं असेल तर उलटण्याची तक्रार करू नका. हार्ड बॉडीपेक्षा लेक्झानची (पातळ पॉलिकार्बोनेटची) हलकी बॉडी निम्मं काम तिथेच करते.

पितळ टाकताना क्रम असा : आधी चाकांतल्या रिंगा, मग नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा), मग पुढच्या ॲक्सलचं डिफ कव्हर (डिफरन्शियलचं झाकण). एका वेळी ५० ग्रॅमच्या आसपास, आणि मध्ये फळी. मागच्या ॲक्सलला पितळ लावू नका. ‘चारही चाकांना सारखं’ ही टूम कुठून आली देव जाणे. तीव्र चढावर मागची चाकं आधीच दबलेली असतात. निम्म्या-निम्म्या गाडीत ४५ अंशांवर पुढच्या चाकांवर दाब उरतो फक्त १८ टक्के. वजन पुढे ६० टक्के आणि गुरुत्वमध्य ८० मिमीवर आणला तर तोच दाब ३४ टक्के होतो. मागे आणखी वजन घालून काय साधणार?

पितळाच्याही आधी एक फुकटचा उपाय आहे : बॅटरी. २०० ग्रॅमची बॅटरी मागच्या ॲक्सलवरून २५० मिमी पुढे सरकवली की पुढचं वजन जवळपास सहा टक्क्यांनी वाढतं. ५००० एमएएचची वीट काढा. १३०० ते २२०० एमएएचची छोटी लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुढच्या शॉक टॉवरच्या मागे, चॅसीच्या कडांमध्ये जितकी खाली बसेल तितकी बसवा. क्रॉलर सावकाश चालतो, तेवढी पुरते.

शॉक. चढावर मागची बाजू बसते आणि पुढची उघडते, हे दोन्ही रोखायचं. पुढच्या शॉकमध्ये पिस्टनखाली ५ ते ८ मिमीचा स्पेसर घाला म्हणजे तो पूर्ण उघडणार नाही. शॉक उघडायचा नसेल तर ॲक्सल आणि चॅसी झिप टायने बांधा, तेवढंच काम होतं. स्प्रिंगा मऊ, गाडी उभी असताना शॉकचा निम्मा प्रवास वापरलेला असावा. आधीच बसलेल्या शॉकला आणखी बसायला जागा कमी उरते आणि चॅसीही खाली राहते. शॉकमधलं तेल ३० ते ४० वेट (दाटपणाचं माप). थ्रॉटलवर मागची बाजू वर उचलून गाडी उड्या मारत असेल तर मागच्या वरच्या लिंकचं (ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांडीचं) चॅसीकडचं टोक एक भोक वर घ्या, अँटी-स्क्वॉट (थ्रॉटलवर मागची बाजू वर ढकलणारा परिणाम) कमी होतो. टॉर्क ट्विस्ट असेल तर मागचा जो कोपरा दबतो त्याच शॉकला २ मिमी प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) द्या, दोन्हीकडे नाही.

टायर मऊ रबराचे असतीलच. चूक फोममध्ये असते. आतला भाग क्लोज्ड सेल (बंद छिद्रांचा, कडक) आणि बाहेरचा मऊ, असा दुहेरी फोम घ्या. पुढे मऊ, मागे एक पायरी कडक, कारण चढावर मागचा मऊ फोम चेपतो आणि गाडी तेवढीच मागे कलते. हवा जायला टायरच्या मधोमध ३ मिमीची दोन भोकं पाडा. भोक फक्त रिममध्ये असेल तर शिरलेलं पाणी सहज निघत नाही.

ओव्हरड्राइव्ह : मागच्या ॲक्सलमध्ये ३३/८ आणि पुढच्यात ३०/८ दातांचे गिअर टाकले की पुढची चाकं १० टक्के जास्त फिरतात. पुढची चाकं गाडी ओढत राहतात आणि वळणही आखूड होतं. चढावर हे खरंच कामाचं आहे, पण वजन नीट केल्यावर.

ईएससीला ड्रॅग ब्रेक १०० टक्के, पंच (थ्रॉटल देताच बसणारा झटका) कमीत कमी. २५ किलोचा सर्व्हो ईएससीच्या आतल्या ३ अँपिअरच्या बीईसीवर चालवू नका. तो अडकला की व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर बंद होतो, तेही चढाच्या मधोमध. वेगळा बीईसी लावा, व्होल्टेज सर्व्होवर लिहिलंय तेवढंच.

मोटरचं राहिलं. ३५टी ही ५५टीच्या दीडपट फिरते, म्हणजे तोच वेग ठेवायला १४ दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) ९ वर आणावं लागेल, आणि बऱ्याच गाड्यांत मोटर सरकवायची खाच त्याआधीच संपते. सेन्सर्ड (रोटरची जागा ओळखणारा सेन्सर असलेल्या) ब्रशलेसचा संथ ताबा उत्तम असतो, यात वाद नाही. घ्यायची तर त्यासाठी घ्या, उलटणं थांबेल म्हणून नको.

आणि हो, नाक जड केलं की तीव्र उतारावर गाडी पुढे कोलांटी मारायला लागते. पुढे ६५ टक्क्यांच्या वर गेलात तर हे दिसेलच. सर्व्हो आणि नकलमधल्या शाफ्टवर ताणही वाढतो, प्लास्टिकचे नकल आणि दुबळा सर्व्हो असेल तर पितळी रिंगा आधी लावू नका. आडव्या उतारावर मऊ स्प्रिंगा गाडी कलवतात, तिथे प्रीलोड थोडा वाढवावा लागेल. वरचे आकडे ३१२ मिमी व्हीलबेसचे आहेत, तुमची गाडी आखूड असेल तर मर्यादा आणखी कमी निघेल. फळीवरचा आकडा आणि पुढच्या-मागच्या वजनाचे आकडे प्रश्नाखाली टाका, मग बोलू.