वाचक विचारतात : पिकअपचे टायर बदलायचेत, कुठले घेऊ?

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, घरची बोलेरो पिकअप आहे. महूकडच्या गावांतून बटाटा-लसूण उचलून चोइथराम मंडीत आणतो आणि मधे मधे सियागंजचा किराणा खंडवा रोडने बडवाहपर्यंत पोचवतो. टायर घासलेत. साइज २१५/७५ आर १५. एका दुकानदाराने ह्याच साइजचे बरेच स्वस्त टायर दाखवले, म्हणाला साइज सेम आहे, बिनधास्त लावा. पुतण्या म्हणतो २३५ चे रुंद ऑल-टेरेन घालू, चिखलात गाडी अडकणार नाही. आणि आत्ता दोनच टायरचे पैसे आहेत, तर नवे पुढे लावू का मागे?

उत्तर : अहो, ते स्वस्तवाले अजिबात घेऊ नका, आधी हे सांगतो मग बाकीचं. २१५/७५ आर १५ ही साइज घरगुती वापराच्या बोलेरोलाही बसते आणि तुमच्या पिकअपलाही, रिम तीच, उंची तीच, दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला फरकच कळत नाही. पण एक टायर माणसं न्यायला बनलेला आहे आणि दुसरा माल न्यायला. टायरच्या बाजूला साइजच्या पुढे जो आकडा असतो ना, तो लोड इंडेक्स, सगळं त्याच्यात आहे. पॅसेंजर टायरवर साधारण १०० एस असं असतं (एस हे वेगाच्या मर्यादेचं अक्षर), १०० म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ८०० किलो पेलतो. एलटी म्हणजे लाइट ट्रकचा ८ पीआरचा (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा दर्जा) टायर घेतला तर त्यावर १०६/१०३ असं दिसेल, १०६ म्हणजे ९५० किलो (दुसरा आकडा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी, तुम्हाला तो बघायचं कारण नाही). आता हिशोब करा, मागच्या दोन टायरमधेच ३०० किलोचा फरक पडला, पन्नास किलोचे सहा कट्टे झाले ते! आणि पिकअपमधे भरलेल्या मालाचं बहुतेक वजन मागच्याच चाकांवर येतं.

टायर वजनाने फटकन फुटतो असं नसतं, तो आतून तापून जातो. वजन जास्त झालं की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबते-उघडते दबते-उघडते, त्याची उष्णता होते, रबर आणि आतल्या तारा एकमेकांना सोडायला लागतात, बाहेरून काही दिसत नाही आणि मग मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर पारा असताना भरल्या गाडीने भेरू घाट उतरताना जायचा तो. हवा कमी असली तरी नेमकं हेच होतं. पॅसेंजर टायर साधारण ३५ पीएसआयच्या आसपास हवेवरच आपलं पूर्ण वजन पेलतो, ८ पीआरच्या एलटीमधे ६५ पर्यंत भरता येते, म्हणून त्या स्वस्त टायरमधे नुसती हवा वाढवून काम भागणार नाही.

तुम्हाला नक्की किती इंडेक्सचा लागेल ते घरबसल्या ठरवू नका. रोज भरता तेवढा माल खरोखर भरा, कमी नाही, आणि गाडी धर्मकाट्यावर न्या, तिथल्या माणसाला सांगून फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. समजा १८०० किलो आलं, म्हणजे एका टायरवर ९००. ९०० किलोचा इंडेक्स १०४, पण माल काही दोन्ही बाजूला सारखा लागत नाही, खड्ड्यात एका चाकावर जास्त येतं, म्हणून १०६ घ्यायचा. १०० चा टायर इथे दर फेरीला १०० किलो जास्त उचलत राहिला असता. आणि काट्यावरचं वजन आरसीत लिहिलेल्यापेक्षा जास्त निघालं तर त्याला टायर हा उपाय नाही हो, तिथे मालच कमी करायचा, कारण ब्रेक आणि पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, तेच राहतात. गाडीच्या मॅन्युअलमधे किंवा दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने पीआर आणि लोड इंडेक्स दिलेला असतो, त्याच्या खाली कधीच जायचं नाही, वर गेलं तर चालतं.

पुतण्याच्या २३५ बद्दल. २३५/७५ लावला तर चाक जवळपास ३० मिलिमीटरने उंच होतं, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२-६३ ने पळत असेल, चढाला इंजिन जड वाटेल, डिझेल जास्त जाईल, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासूही शकतो. आणि चिखलाचं म्हणाल तर आपल्या माळव्याची काळी माती पावसात अशी चिकटते की कुठल्याही टायरच्या खाचा चार फेऱ्यांत भरून जातात आणि मग सगळे टायर सारखेच गुळगुळीत. त्यापेक्षा मागे लग पॅटर्न म्हणजे जाड खाचांचे घ्या, पुढे रिब म्हणजे सरळ उभ्या रेघांचे, स्टिअरिंग हलकं राहतं, आवाज कमी येतो. तुमचं निम्मं काम डांबरी रस्त्यावरच आहे. पुतण्याला हौस आहे ते चांगलंच आहे, त्याला दर आठवड्याला हवा तपासायचं काम द्या, सकाळी गाडी थंड असताना, आणि दुपारी टायर तापल्यावर हवा जास्त दाखवली तरी काढायची नाही हे सांगून ठेवा.

दोन टायर मागे लावा. लोक पुढे लावतात कारण पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही ही भीती असते, ती खोटी नाही, पण जो टायर फुटेल असं वाटतंय तो पुढे काय आणि मागे काय, गाडीवरच नको. पिकअप माल उतरवून रिकामी परत येते तेव्हा मागचा भाग हलका असतो, पाटे कडक, ओढणारी चाकंही मागचीच, पावसात वळणावर मागचं घसरलं की गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. जुन्यांतले बरे दोन पुढे ठेवा, मात्र खाच १.६ मिलिमीटरच्या वर हवी, तो कायदाच आहे. खाचेच्या तळाशी रबराची छोटी उंचवटी असते, रबर तिच्या बरोबरीला आलं की टायर संपला. रेडियल आणि नायलॉन हे टायरच्या आतल्या बांधणीचे दोन प्रकार, ते एका अ‍ॅक्सलवर मिसळू नका. लावताना व्हॉल्व्ह नवे, अलाइनमेंट करून घ्या, आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा कसून घ्या, हे बरेच जण विसरतात.

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे भाव विचारताना करासकट विचारा.

प्रश्न : आमचा केटरिंगचा छोटा हत्ती इंदूरच्या बाहेर फारसा जात नाही. टायर घासलेच नाहीत पण सहा-सात वर्षं झाली, चालवावेत का? (एक वाचक, सुदामा नगर)

उत्तर : ताई, बदला. रबर उभ्या गाडीचंही म्हातारं होतं, ऊन खातं, कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसताहेत का बघा, कुठे गोळा आला असेल तर आजच उतरवा. वय टायरवरच लिहिलेलं असतं, डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवे घेतानाही हेच आकडे वाचा, दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल नव्याच्या भावात घेऊ नका. आयएसआयचा शिक्काही बघून घ्या.

प्रश्न : जुन्या टायरवर रबर चढवून घेतलं तर पिकअपला चालेल का?

उत्तर : पुढे नाही. मागे चालेल, पण आतला सांगाडा धड असेल तरच, म्हणजे पाच वर्षांच्या आतला, बाजूला कट नाही, कमी हवेवर पळवलेला नाही. आणि काम करणाऱ्याने टायर आतून हात फिरवून, दिव्याखाली तपासला पाहिजे, नुसतं बाहेरून बघून हो म्हणाला तर टायर परत घेऊन या.