कुत्र्यांना दुकानात आणि कॅफेत प्रवेश असावा का?

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच निवडक प्रश्नांना पशुवैद्यकाच्या नजरेतून दिलेली उत्तरे.

प्रश्न : माझी कुत्री सहा वर्षांची आहे. तिचे लसीकरण वेळच्या वेळी होते, जंतांचे औषध नियमित दिले जाते आणि ती अनोळखी माणसांवर भुंकतही नाही. तरीही एका कॅफेच्या दारातून आम्हाला परत पाठवण्यात आले आणि ‘स्वच्छतेचा प्रश्न आहे’ एवढेच कारण सांगितले गेले. जिथे माणसे रस्त्यावरचे बूट घालून वावरतात, तिथे एका निरोगी कुत्रीमुळे अशी कोणती अस्वच्छता होणार आहे?

उत्तर : स्वच्छतेचे कारण पुढे केले जाते तेव्हा बहुधा दोन वेगळ्या जागांची गल्लत झालेली असते. अन्न शिजवण्याची, हाताळण्याची आणि साठवण्याची जागा ही एक, आणि ग्राहक बसतात ती जागा दुसरी. पहिल्या जागेबद्दल माझ्या मनात कोणताही किंतु नाही : तिथे कुत्रा असता कामा नये, मग तो कितीही स्वच्छ आणि गुणी असो. निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतूनही साल्मोनेला किंवा कॅम्पायलोबॅक्टरसारखे जिवाणू बाहेर पडू शकतात. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये साल्मोनेलाचे आणि लहान पिल्लांमध्ये कॅम्पायलोबॅक्टरचे प्रमाण अधिक आढळते. युरोपीय संघाचा 2004 सालचा अन्नस्वच्छतेचा नियमही पाळीव प्राण्यांना अन्न तयार होते, हाताळले जाते आणि साठवले जाते त्या जागांपासून दूर ठेवण्यास सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 च्या आदर्श अन्नसंहितेत, स्थानिक यंत्रणेची मान्यता असेल तर, उपाहारगृहाच्या बाहेरच्या उघड्या बैठकीत पाळीव कुत्र्यांना परवानगी देण्याची तरतूद केली.

बसण्याच्या जागेत मात्र आपली कुत्री टेबलाखाली शांत पडून राहिली, तर तिच्यामुळे होणारा जंतूंचा धोका फारसा नसतो, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. जंतू बहुतेक हातांवाटे पसरतात. कुत्र्याला कुरवाळून त्याच हाताने ताटल्या उचलणारा कर्मचारी किंवा टेबलावरच्याच ताटलीतून कुत्र्याला घास भरवणारा पालक हे खरे दोषी असतात, आणि त्यांना आवर घालणारा नियम कुत्र्याला आवर घालणाऱ्या नियमाइतकाच आवश्यक आहे.

तरीही आपल्याला नकार देणाऱ्या कॅफेला मी चूक ठरवणार नाही. स्वच्छतेखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते दोन्ही बाजूंकडून दुर्लक्षिले जाते, ते म्हणजे खुद्द कुत्रीला तिथे कसे वाटते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे. कॉफी दळण्याचे यंत्र, वाफेचा फूत्कार, फरशीवर सरकणाऱ्या खुर्च्या आणि कपबश्यांचा खणखणाट हे सारे त्या कानांवर एकाच वेळी, एका बंदिस्त खोलीत आदळत असते. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय घसरतात, मागून कोण येते आहे ते तिला दिसत नाही आणि निघून जावेसे वाटले तरी पट्टा आपल्या हातात असतो.

‘ती भुंकत नाही’ एवढ्यावरून ती निवांत आहे असे समजू नये. झोप आलेली नसताना वारंवार जांभया देणे, समोर खाऊ नसताना नाक-ओठ चाटणे, कोणी जवळ आले की तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशा तिरक्या नजरेने पाहणे, उन्हाळा नसताना धापा टाकणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अचानक एकदम स्तब्ध होणे, ही ताणाची लक्षणे आहेत. पुष्कळशा चाव्यांच्या आधी यांपैकी काही तरी दिसलेले असते. फक्त पाहणाऱ्याला ते वाचता आलेले नसते. आपल्या कुत्रीत असे काहीही दिसत नसेल, ती कूस बदलून सैल अंगाने झोपी जात असेल, तर कुत्र्यांचे स्वागत करणारा कॅफे आपण जरूर शोधावा. दिसत असेल, तर तिला घरी ठेवून आपण एकट्याने कॉफी प्यावी आणि नंतर तिला मोकळ्या मैदानात न्यावे, हे तिच्या अधिक हिताचे आहे.

प्रश्न : मला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी आहे आणि दमाही आहे. कुत्र्यांना सगळीकडे प्रवेश मिळू लागला तर माझ्यासारख्यांनी जायचे कुठे? काही जातींच्या कुत्र्यांमुळे अ‍ॅलर्जी होत नाही असे ऐकतो. निदान तेवढ्याच जातींना परवानगी देता येणार नाही का?

उत्तर : जातींबद्दलची समजूत आधी बाजूला ठेवू या, कारण तिच्या भरवशावर केलेला नियम आपल्याला वाचवू शकणार नाही. अ‍ॅलर्जी केसांची नसते; ती कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांची असते, आणि त्यांतले ‘कॅन एफ 1’ हे प्रमुख प्रथिन केस कमी गळणाऱ्या जातींमध्येही असते. अशा जातींच्या घरांतील धूळ तपासली असता तिच्यात हे प्रथिन इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळलेले नाही. शिवाय ही प्रथिने अतिशय सूक्ष्म कणांवर स्वार होऊन हवेत बराच वेळ तरंगतात आणि कपड्यांना चिकटून, जिथे कधी कुत्रा आलेला नाही अशा खोल्यांतही पोहोचतात. म्हणून ‘आज इथे कुत्रा नाही’ या आश्वासनालाही मर्यादित अर्थ आहे. कापडी गाद्यांच्या खुर्च्या आणि गालिचे ही प्रथिने महिनोन्महिने धरून ठेवतात. पुसता येण्याजोगी लाकडी किंवा प्लास्टिकची आसने आणि चांगली खेळती हवा असलेल्या जागेत आपल्याला कमी त्रास होईल.

आपला मूळ प्रश्न मात्र न्यायाचा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅफे निवडता येतो. औषधांचे दुकान, किराणा किंवा टपाल कार्यालय प्रत्येकाला निवडता येतेच असे नाही. ज्या जागी लोक गरजेपोटी येतात तिथे अ‍ॅलर्जी, दमा किंवा कुत्र्याची भीती असणाऱ्यांचे हित आधी पाहिले पाहिजे, आणि सोबतीला आणलेल्या पाळीव कुत्र्यांना तिथे प्रवेश नसावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जागी लोक हौसेने जातात तिथे मालकाला निवड करू द्यावी. परंतु ती निवड दारावरच, आत पाऊल टाकण्यापूर्वी वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. आत येऊन बसल्यावर, मागणी नोंदवल्यावर, शेजारच्या टेबलाखालून कुत्रा उठून उभा राहतो तेव्हा दमेकऱ्याची निवड आधीच हिरावून घेतलेली असते. भीतीलाही मी हेच लागू करतो. लहानपणी चावा सोसलेल्या माणसाला ‘काही करत नाही हो तो’ असे सांगून त्याच्याकडे कुत्रा नेणे हा उद्धटपणा आहे, आणि प्रेमळ माणसांकडूनही तो सर्रास होतो.

प्रश्न : मी लवकरच एक लहान कॅफे सुरू करणार असून कुत्र्यांसह येणाऱ्या ग्राहकांचे स्वागत करण्याचा विचार आहे. नियम कोणते ठेवावेत? फार नियम केले तर लोक येणार नाहीत अशी भीती वाटते.

उत्तर : नियमांपेक्षा आधी जागेकडे पाहावे, कारण कुत्र्यांची बहुतेक भांडणे जागेच्या रचनेतून जन्माला येतात. मोकळ्या मैदानात दोन अनोळखी कुत्रे एकमेकांकडे सरळ चालत जात नाहीत. ते वळसा घेत, बाजूने, एकमेकांचा वास घेत जवळ येतात. दोन टेबलांमधल्या अरुंद वाटेत वळसा घ्यायला जागाच नसते, पट्टे ताणलेले असतात आणि दोघे नाकासमोर नाक येऊन अडकतात. एरवी शहाणे असलेले कुत्रेही अशा वेळी गुरगुरतात. म्हणून कुत्र्यांसाठी भिंतीलगतची, कोपऱ्यातली, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असलेली टेबले राखून ठेवावीत, त्यांच्यात पुरेसे अंतर किंवा नजरेआड करणारा आडोसा असावा, आणि अशी टेबले भरली की पुढच्या कुत्र्याला नम्रपणे नकार द्यावा. एखादी खोली किंवा अंगणाचा भाग पूर्णपणे कुत्र्यांविना राखता आला तर फारच उत्तम. आपली जागा खरोखरच इतकी लहान असेल की यांतले काहीच जमणार नाही, तर फक्त बाहेरच्या बैठकीत कुत्र्यांना परवानगी देणे हाच प्रामाणिक निर्णय ठरेल. अर्थात त्याआधी आपल्या भागातील अन्नविषयक कायदा काय सांगतो ते परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्यावे. त्यापुढे माझ्या मताला किंमत नाही.

पट्टा एक ते दीड मीटर लांबीचा आणि न वाढणारा असावा. दोरी सुटत जाणारा पट्टा बंद जागेत धोक्याचा असतो, कारण त्याची बारीक दोरी खुर्च्यांना, कर्मचाऱ्यांच्या आणि मुलांच्या पायांना अडकते आणि ऐन वेळी कुत्र्याला जवळ ओढता येत नाही. पट्टा टेबलाच्या पायाला बांधू देऊ नये. घाबरलेला कुत्रा टेबलासकट निघतो आणि टेबलावर गरम पेये असतात. कुत्रा खुर्चीवर नाही, जमिनीवर बसेल. ग्राहकांच्या ताटल्या आणि वाट्या कुत्र्यासाठी वापरल्या जाणार नाहीत. पाण्यासाठी वेगळी भांडी ठेवावीत आणि ती वेगळी धुवावीत. दोन कुत्र्यांमध्ये एकच वाडगा ठेवू नये, कारण अन्नपाण्यावर हक्क सांगण्यावरून होणारी चकमक सर्वांत वेगाने पेटते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असावे, म्हणजे कौतुकापोटी कोणी तुकडा टाकणार नाही.

कुत्र्याने आत लघवी केली तर ती जागा विकरांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने वास नष्ट करणाऱ्या द्रावणाने पुसावी. अमोनियायुक्त द्रव वापरल्यास त्याचा वास लघवीसारखाच असल्याने पुढचा कुत्रा त्याच जागी खूण करतो.

नियमांमुळे लोक येणार नाहीत, या भीतीला मात्र मला आधार दिसत नाही. समंजस पालकाला नियम हवेच असतात. शेजारचा कुत्रा मोकळा फिरत नाही एवढी खात्री मिळाली की तोही निश्चिंत बसतो. एक गोष्ट मात्र सुरू करण्यापूर्वी नक्की करावी. आपल्याकडे काम करणाऱ्यांपैकी कोणाला अ‍ॅलर्जी किंवा भीती आहे का, हे त्यांना स्वतंत्रपणे विचारावे. ग्राहक उठून जाऊ शकतो, नोकरी करणारा दिवसभर तिथेच असतो, आणि त्याचे मत बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही.

प्रश्न : माझे एक दृष्टिहीन नातेवाईक मार्गदर्शक कुत्र्यासह एका दुकानात गेले असता ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ या पाटीकडे बोट दाखवून त्यांना अडवण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. मार्गदर्शक कुत्रा ही त्या व्यक्तीची चालण्याची सोय आहे. त्याला बाहेर ठेवायला सांगणे म्हणजे त्या व्यक्तीला बाहेर ठेवणे होय. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे 1916 मध्ये अशा कुत्र्यांचे प्रशिक्षण देणारी शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून हे काम सतत विकसित होत आले आहे. दीर्घ प्रशिक्षणातून आणि काटेकोर निवडीतून आलेला हा कुत्रा गर्दीत शांत राहण्यासाठीच तयार केलेला असतो.

अमेरिकेतील 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार, कुत्रा कशासाठी आहे हे दिसून येत नसेल तर दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतो : हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. कागदपत्रे मागता येत नाहीत, आणि इतरांची अ‍ॅलर्जी किंवा भीती हे नकाराचे कारण ठरत नाही; अशा वेळी दोघांना जागेच्या वेगवेगळ्या भागांत बसवणे अपेक्षित असते. कुत्रा आवरेनासा झाला आणि सोबतची व्यक्ती त्याला आवरत नसेल, तर मात्र त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्याने असे संरक्षण मिळते. आपल्या नातेवाइकांनी व्यवस्थापकाशी शांतपणे बोलावे, नकाराची लेखी नोंद मागावी आणि गरज पडल्यास अपंगत्वविषयक हक्क पाहणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार करावी.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मी गरजेच्या दुकानांत पाळीव कुत्र्यांना प्रवेश नसावा असे म्हटले, ते या कुत्र्यांना लागू नाही. आणि याच कारणासाठी, बाजारात मिळणारे ‘मदतनीस’ लिहिलेले जाकीट आपल्या लाडक्या कुत्र्याला चढवून आत शिरणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग येतो. त्यांच्या बेशिस्त कुत्र्याचा राग दुकानदार पुढच्या खऱ्या मार्गदर्शक कुत्र्यावर काढतो.

प्रश्न : आमचे पिल्लू तीन महिन्यांचे आहे. त्याला माणसांची सवय व्हावी म्हणून दुकानांत नेले तर चालेल का?

उत्तर : हेतू योग्य आहे, कारण साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात पिल्लू जे न घाबरता पाहते त्याची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. अडचण अशी की पिल्लांच्या लसींची मालिका बहुधा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते, आणि पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या पार्व्हो या आजाराचा विषाणू फरशीवर महिनोन्महिने टिकतो. साध्या जंतुनाशकांनी तो मरतही नाही. तेव्हा अनेक कुत्री येतात अशा दुकानाच्या फरशीवर त्याला इतक्यात सोडू नये. कडेवर किंवा झोळीत घेऊन दुकानाच्या बाहेर थोडा वेळ थांबावे, येणारी-जाणारी माणसे, ढकलगाड्या आणि दारांचे आवाज त्याला दुरून पाहू-ऐकू द्यावेत आणि प्रत्येक नव्या आवाजानंतर त्याच्या तोंडात खाऊचा एक कण द्यावा. अंग चोरू लागले की लगेच घरी परतावे. शेवटच्या लसीनंतर आपल्या पशुवैद्यकाने सांगितलेला अवधी पूर्ण झाला, की दुकानदाराची परवानगी घेऊन, गर्दी नसलेल्या वेळी, पहिल्यांदा काही मिनिटांसाठी त्याला आत न्यावे. त्या दिवशी खरेदी करू नये. आपले पूर्ण लक्ष त्याच्याकडे असावे.